शिडाच्या नौकेवर इंटरनेट: राउटर बदलण्याआधी अँटेना पाहा

मांडव्याहून गोव्याकडे निघाल्यावर किनारा दहा-बारा किलोमीटर मागे पडला की 32 फुटी नौकेवर वायफाय दिसते, पण इंटरनेट चालत नाही, आणि म्हणून अधिक महाग राउटर घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये. केबिनमधले वायफाय ठीकच आहे. तुटतो तो किनाऱ्यावरच्या टॉवरशी असलेला दुवा, कारण राउटर केबिनमध्ये, जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसलेला आहे.

अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला 4.1 ने गुणले की तिचे रेडिओ-क्षितिज (पृथ्वीच्या गोलाईआड जाण्याआधी सिग्नल पोहोचण्याची हद्द) साधारणपणे किती किलोमीटरवर आहे ते कळते. दोन मीटरवर ते सहा, तर डोलकाठीवर नऊ मीटरवर बारा किलोमीटर येते. टॉवरच्या उंचीचे अंतर त्यात वेगळे मिळवायचे. मात्र अँटेना वर नेऊन 15 मीटर बारीक आरजी-58 केबल खाली आणली, तर 1800 मेगाहर्ट्झला सुमारे नव्वद टक्के शक्ती केबलमध्येच जिरते. माझ्या नौकेवर पहिल्या वर्षी मी हीच चूक केली होती. म्हणून जलरोधक डब्यातला राउटर अँटेनासह वरच बसवावा आणि खाली केवळ वीज व डेटा नेणारी एकच इथरनेट केबल आणावी. अँटेना दोन लागतात आणि त्या पाच-सहा डीबीआयच्याच (हे गेनचे, म्हणजे अँटेना शक्ती किती एकवटते याचे माप) असाव्यात, कारण त्याहून जास्त गेनच्या सर्वदिशी अँटेनाचा झोत भाकरीसारखा चपटा होतो आणि नौका कलली की तो आकाशात किंवा पाण्यात जातो.

सांध्यांना आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. एका पावसाळ्यानंतर मी कनेक्टर उघडला, तेव्हा आतली तांब्याची जाळी हिरवी पडून बोटाने चुरत होती.

बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. परवानगीशिवाय ते वापरणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे इतरांच्या सेवेतही अडथळा येतो. खाडीत डोंगराआड गेल्यावर उंचीचाही फारसा उपयोग होत नाही, म्हणून हवामानाचा अंदाज बंदर सोडण्यापूर्वीच उतरवून घ्या. संकटाच्या हाकेसाठी व्हीएचएफ या सागरी रेडिओचे 16 क्रमांकाचे चॅनेलच हवे.

खर्च करण्याआधी एक चाचणी घ्या: हॉटस्पॉट चालू केलेला फोन जलरोधक पिशवीत घालून झेंड्याच्या दोरीने डोलकाठीवर चढवा, आणि जिथे दुवा तुटतो तिथेच दुसऱ्या फोनवर त्याचा वेग मोजून पाहा.