ओल्या कागदावरचं आभाळ

प्रश्न : आजवर कोरड्या कागदावरच जलरंग लावत आले. आता ओल्या कागदावर पावसाळी आभाळ रंगवून पाहतेय, तर ढगांच्या कडेला फुलकोबीसारखे डाग उठतात. ओल्या रंगावर मीठ टाकून येणारा पोतही उमटत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कागद सुकत आलेला असताना त्यावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला, की ते पाणी अर्धवट सुकलेल्या रंगाचे कण पुढे ढकलतं आणि कडेला सोडतं. तोच हा डाग. ब्रश नेहमी कागदापेक्षा कमी ओला हवा. रंग घेतल्यावर ब्रशच्या केसांचं बूड फडक्याला टेकवा, टोक नको. पाणी उतरतं, रंग राहतो.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), सुती घ्या. दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या पाटीवर बसवलात तर बराच वेळ मिळतो. मग तो डोळ्यांसमोर आडवा धरून बघा. पाणी आरशासारखं चमकत असेल तर थांबा, रंग वाहून जाईल. चमक मंद, रेशमी झाली की ढग भरा. चमक गेली, पण हाताच्या पाठीला कागद गार लागतोय? आता हात आवराच. डाग हमखास याच वेळी पडतात. पूर्ण सुकू द्या, मग रुंद मऊ ब्रशने पुन्हा भिजवा.

मीठ चमक जाता जाता टाकायचं. चिमूटभर जाडं, खडे सुटे. खडा पाणी ओढतो आणि भोवती फिकट चांदणी उमटते. कोकणातल्या पावसात मीठ आधीच पाझरलेलं असतं, ते काय ओढणार! तव्यावर कोरडं भाजून, गार करून वापरा. खडे झाडायचे ते कागद पूर्ण वाळल्यावरच.