मदेराचा ऊस कोणी तोडला?

प्रश्न : आमच्या केज तालुक्यातून दरसाल माणसं कोयता घेऊन कारखान्यावर जातात म्हणून विचारतो, पोर्तुगीजांनी अटलांटिक समुद्रातल्या मदेरा बेटावर ऊस लावला तो तोडायला कोण होतं?

उत्तर : दादा, बेटावर आधी माणूसच नव्हता. १४२० च्या आसपास पोर्तुगीज राहायला आले, मदेरा म्हणजे लाकूड, एवढं दाट जंगल, ते जाळलं, तोडलं आणि रसाच्या कढईखाली चुलाणात घातलं. डोंगरकड्यातून पाट कोरून पाणी उसापर्यंत आणलं, त्याला लेवाडा म्हणतात, आजही वाहतात. यातले कितीतरी कष्ट कॅनरी बेटांवरून आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे, लिहिताना जीव तुटतो. आपल्याकडं निदान उचल तरी मिळते, त्यांना तीही नव्हती. पुढं हीच पद्धत आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटाला आणि मग ब्राझीलला गेली.