लोगोमधलं एकटं अवतरणचिन्ह

ताई, तुमच्या चौथीतल्या मुलाने लोगोत (मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायची भाषा) प्रिंट "नमस्ते" असं दोन्हीकडे अवतरण देऊन लिहिलं आणि स्क्रीनवर नमस्ते" असं शेपटीसकट उमटलं. म्हणून तुम्ही विचारलंय की लोगोत कधी ", कधी : आणि कधी काहीच नाही, हे ठरतं कशावरून. मी नौपाड्यात सोसायटीतल्या पोरांना रविवारी लोगो शिकवतो. दर बॅचला हाच घोळ असतो. (टाइप इंग्रजीतच करायचं, मी इथे नुसते उच्चार लिहितोय.)

लोगोला काहीही न लावलेला शब्द दिसला की तो त्याला हुकूम समजतो. प्रिंट नमस्ते लिहिलंत तर तो नमस्ते नावाचं काम शोधायला जातो आणि ‘नमस्ते कसं करायचं ते मला येत नाही’ अशा अर्थाची तक्रार करतो. पुढे " लावलं की त्याला कळतं, हा नुसता शब्द आहे, करायचं काही नाही. स्पेस आली की शब्द संपला, त्यामुळे बंद करणारं अवतरण लागतच नाही. दिलंत तर ते शब्दातलंच एक अक्षर धरलं जातं. तीच तुमची शेपटी.

आता : चं. ठाण्यात रिक्षावाल्याला ‘तीन पेट्रोल पंप’ सांगितलं तर तो पंप मोजत बसत नाही, ते एका ठिकाणाचं नाव आहे एवढंच बघतो. तसं " म्हणजे फक्त नाव. आणि : म्हणजे त्या नावाच्या डब्यात जे ठेवलंय ते.

मेक "साइड ५०
एफडी :साइड

पहिल्या ओळीत डब्यावर साइड अशी चिठ्ठी लावून आत ५० ठेवले. दुसरीत डबा उघडला आणि एफडी (फॉरवर्ड) मुळे कासव, म्हणजे स्क्रीनवर रेघ काढत फिरणारी खूण, ५० पावलं पुढे गेलं. :साइड हे खरं तर थिंग "साइड याचंच छोटं रूप आहे (थिंग म्हणजे त्या नावाच्या डब्यातलं काढून दे).

बऱ्याच ठिकाणी पोरांकडून ‘मेकनंतर कोट, बाकी सगळीकडे कोलन’ असं घोकून घेतात. पेपरापुरतं चालतं, पण नियम चुकीचा आहे. मुलाला हे करून बघायला सांगा:

मेक "शहर "ठाणे
मेक :शहर "तलाव
प्रिंट :शहर
प्रिंट :ठाणे

तिसरी ओळ ठाणे छापते, चौथी तलाव. दुसऱ्या ओळीत मेकनंतर कोलन आहे, म्हणून लोगोने शहरचा डबा उघडला, आत ठाणे सापडलं आणि तलाव त्या नावाच्या नव्या डब्यात ठेवला. माझ्याकडच्या एका मुलीने हे पाहून ‘म्हणजे चिठ्ठीत चिठ्ठी!’ म्हटलं. तिला पुन्हा समजवावं लागलं नाही. फक्त लोगोला स्क्वेअर नावाचं नवं काम शिकवायच्या टू स्क्वेअर :साइड या ओळीत कोलन डबा उघडत नाही, इथे बाहेरून एक किंमत येणार एवढंच सांगतो. ही विसंगतीच आहे, मुलाने भांडण काढलं तर त्याचं बरोबर आहे असं सांगा.

शब्दांचे एवढे लाड का, तर १९६७ साली फॉयरझाइग, पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन वगैरे संशोधकांनी लोगो तयार केली तेव्हा त्यात कासव नव्हतंच. शब्द आणि वाक्यं यांच्याशी खेळायची ती भाषा होती. नावही ग्रीक ‘लोगोस’वरून, म्हणजे शब्द. कासव मागून आलं आणि शाळांनी तेवढंच उचललं.

[ ] म्हणजे यादी, आतलं जसंच्या तसं. रिपीट ४ [एफडी १०० आरटी ९०] मध्ये (आरटी म्हणजे उजवीकडे वळ) रिपीट ती यादी घेऊन चार वेळा चालवतो. पण प्रिंट ती चालवत नाही, म्हणून प्रिंट [वय :वय] केलं तर कोलनसकट :वय छापलं जातं. तिथे प्रिंट सेंटेन्स "वय :वय लिहायचं, सेंटेन्स दोन्ही जोडून देतो. ( ) लागतात ते नेहमीपेक्षा जास्त गोष्टी द्यायच्या असतील तेव्हा, जसं (प्रिंट "आई "बाबा). ; नंतरचं लोगो वाचत नाही.

दोन खोड्या मात्र लक्षात असू द्या. सेटएक्सवाय ५० -५० (कासवाला त्या जागी न्यायचा हुकूम) चालतं, पण उणे आणि ५० यांच्यात स्पेस दिली की ती वजाबाकी होते, उत्तर शून्य, आणि दुसरा आकडा कुठाय म्हणून लोगो अडतो. दुसरी खोडी म्हणजे वर्डमध्ये टाइप केलेली वर्कशीट. वर्ड सरळ अवतरण आपणहून वाकडं करतो, आणि ते कॉपी करून टाकलं की लोगो त्याला अवतरण मानत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अशाच एका शीटपायी माझा अख्खा रविवार गेलाय, तेव्हा " हाताने पुन्हा टाइप करायला लावा.