कोलीची पिल्लं गच्चीवरच्या खोलीत नको, खाली आणा

तुमच्या बॉर्डर कोली कुत्रीला सहा पिल्लं आणि सगळी धडधाकट, आधी अभिनंदन! पण इन्फेक्शनच्या भीतीने ती गच्चीवरच्या खोलीत ठेवलीत, बाहेरच्या कोणाला हात लावू देत नाही आणि दीड महिन्याची झाली की देऊन टाकणार म्हणताय, हे दोन्ही मला काही पटलं नाही.

अडीच आठवड्यांची आहेत म्हणजे डोळे उघडलेत, कान आत्ता उघडत असतील. इथून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं ते पिल्लू सहज स्वीकारतं, नंतर तीच गोष्ट पहिल्यांदा समोर आली की आधी घाबरतं. अमेरिकेत १९६१ साली यावर एक प्रयोग झाला होता, त्यात १४ आठवडे माणसांपासून लांब ठेवलेली पिल्लं पुढे नीट माणसाळलीच नाहीत. त्यात तुमची बॉर्डर कोली, मेंढ्या वळवायला तयार केलेली जात, जरा काही हललं की नजर तिकडे आणि आवाजालाही भलती हळवी. वरच्या शांत खोलीत वाढलेलं पिल्लू उद्या कोणाच्या फ्लॅटमध्ये गेलं की कुकरच्या शिट्टीलासुद्धा पलंगाखाली जाणार.

त्यामुळे हॉलच्या कोपऱ्यात, जिथून स्वयंपाकघर दिसतं, तिथे आडोसा करून ठेवा. मिक्सर, टीव्ही, बेल, पोरांची भांडणं सगळं कानावर पडू दे. चौथ्या आठवड्यापासून पायाखाली गोणपाट, ओली फरशी, पुठ्ठा असं बदलत राहा. स्टीलचं ताट लांब कुठेतरी पाडा आणि फक्त बघत बसा. बहुतेक पिल्लं दचकतात आणि लगेच मान तिरकी करून वास घ्यायला येतात, तसं झालं की झालं. जे कोपऱ्यातच बसून राहील त्याच्यासाठी पुढच्या वेळी आवाज आणखी लांबून, आणि उचलून पुढे आणायचं नाही हं, त्याचं त्याला येऊ दे. माणसांचंही तेच. शेजारची दहा पोरं आली आणि हातोहात पिल्लं फिरवली याला सोशलायझेशन, म्हणजे माणसांची सवय लावणं, म्हणत नाहीत, त्याने उलट पिल्लू माणसांना टाळायला शिकतं. दोघं-तिघं येऊ देत, जमिनीवर बसू देत, एखादा दाढीवाला काका, हेल्मेट घातलेला कोणी, काठीवाली आजी, एवढं पुरे. रोज प्रत्येकाला थोडा वेळ भावंडांपासून वेगळंही घ्या.

इन्फेक्शनची भीती खोटी नाही, पार्वो, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणारा विषाणू, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून चपला दाराबाहेर, हात साबणाने धुवायचे, ज्यांच्या घरी आजारी कुत्रं आहे त्यांना नम्रपणे नाही म्हणायचं. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली ठेवायचं नाही, पण कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहून स्कूटर, रिक्षा, घंटागाडी दाखवायला काय हरकत आहे? कोली गाड्यांमागे धावतात ही नेहमीची तक्रार, म्हणून गाड्या बघत शांत बसायची सवय आत्ताच लावलेली बरी.

दीड महिन्याला देणं तर सोडूनच द्या. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि विकणार असाल तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते. शिवाय चावा किती जोरात घ्यायचा हे त्या शेवटच्या आठवड्यांत भावंडं आणि आईच शिकवतात, आपल्याला ते तेवढं जमत नाही.

अजून एक, गोचीड झाले म्हणून कोणी आयव्हरमेक्टिन टोचायला निघालं तर आधी थांबवा. कोली जातींमध्ये एमडीआर१ नावाच्या जीनमधल्या बिघाडामुळे ते औषध मेंदूत जाऊन जिवावर बेतू शकतं. लांब केसांच्या रफ कोलीत हे फार आढळतं, बॉर्डर कोलीत कमी, पण एमडीआर१ ची टेस्ट होते, डॉक्टरांना तसं विचारा आणि पिल्लं नेणाऱ्यांना कागदावर लिहून द्या.