कुंपणापलीकडची चोरी आणि मक्याचे शेत

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातील निवृत्त शिक्षिका आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुलीची मुले आमच्याकडे आली होती. दुपारी अंगणात पाऊल ठेवण्याची सोय नसल्याने मी त्यांना ‘ओव्हर द हेज’ हा रानातल्या खोडकर प्राण्यांचा अॅनिमेशनपट लावून दिला. मुले लोटपोट हसली, यजमान मात्र अर्ध्यावरून उठून गेले. गेल्या खरिपात रानडुकरांनी आमचा मका एका रात्रीत आडवा केला होता. पडद्यावरच्या प्राण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “हाऊ चोर शे, आन् पोरे हासी राह्यनात!” त्यावर सात वर्षांची नात म्हणाली, “पण आजोबा, आधी माणसांनीच त्यांचं रान घेतलं ना?” असा चित्रपट मुलांना दाखवावा का, आणि दोघांपैकी बरोबर कोण?

उत्तर : ताई, चित्रपट जरूर दाखवावा. मात्र यजमानांनी तो शेवटपर्यंत पाहायला हवा होता, कारण ज्या प्राण्याला त्यांनी चोर म्हटले, त्याला चित्रपटही चोरच म्हणतो.

ज्या वाचकांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. मायकेल फ्राय आणि टी. लुईस यांच्या 1995 पासून वर्तमानपत्रांत येऊ लागलेल्या व्यंगचित्रमालिकेवर आधारलेला हा चित्रपट 2006 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. आर. जे. नावाचा रॅकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला अमेरिकेतला एक लहान प्राणी) झोपलेल्या अस्वलाचा खाऊ पळवतो आणि त्याच गडबडीत सगळा खाऊ नष्ट होतो. पौर्णिमेपर्यंत सारे भरून दिले नाही तर जिवाशी गाठ आहे, अशी तंबी अस्वल त्याला देते. त्याच सुमारास हिवाळी झोपेतून उठलेल्या काही प्राण्यांना दिसते, की अर्धे रान नाहीसे झाले असून तिथे उंच हिरव्या कुंपणापलीकडे माणसांची नवी वसाहत उभी राहिली आहे. अन्नाच्या विवंचनेतल्या या भाबड्या कुटुंबाला आर. जे. ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून चोऱ्या करायला लावतो, पण साठवलेला माल द्यायचा असतो अस्वलाला. सावध कासव व्हर्नच्या शेपटीला धोक्याची झिणझिणी येते, ती उगाच नव्हे.

म्हणजे आर. जे.चा खरा गुन्हा बिस्किटे उचलल्याचा नाही, तर आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यांना फसवल्याचा आहे, आणि तो त्याला चुकता करावा लागतो. आणखी एक गोष्ट नातीच्या लक्षात आणून द्यावी. अखेरीस हिवाळ्याची बेगमी म्हणून या प्राण्यांचा साठ्याचा पोकळ ओंडका भरतो तो चोरीच्या वेफर्सनी नव्हे, तर हॅमी नावाच्या खारीने गोळा केलेल्या रानातल्याच फळांनी. कॅफिनचे पेय पिऊन ही खार इतकी वेगाने पळते की सारे जग जागच्या जागी थांबल्यासारखे वाटते. चित्रपटातला सर्वांत खळखळून हसवणारा प्रसंग हाच आहे, आणि माझ्या मते सर्वांत हुशारीचाही.

नातीचे म्हणणेही खरे आहे. वसाहत नंतर आली, रान आधीचे होते, आणि चित्रपटाचा सारा विनोद माणसांकडे प्राण्यांच्या नजरेने पाहण्यातून निघतो. माणसे जगण्यासाठी खात नाहीत, तर खाण्यासाठी जगतात, हे आर. जे. त्यांना समजावून सांगतो, तेव्हा आपल्यालाही आपल्या फ्रिजची थोडी लाज वाटते. पण एका बाबतीत मी यजमानांच्या बाजूने आहे. या चित्रपटात जे चोरीला जाते ते कचऱ्याच्या डब्यातले किंवा भरल्या घरातले, ज्याच्या जाण्याने कोणाची चूल विझत नाही असे अन्न आहे, आणि म्हणूनच त्यावर निर्धास्त हसता येते. मक्याला कणीस धरल्यापासून काढणीपर्यंत जो माणूस रात्र रात्र जागलीला जातो, डबा वाजवतो, बॅटरी फिरवतो आणि तरीही सकाळी बांधावरून मोडलेली धाटे पाहतो, त्याचे नुकसान म्हणजे वर्षाचे उत्पन्न असते. असा माणूस या कथेत कुठेच नाही. प्राण्यांविरुद्ध उभे केले आहेत ते एक तापट बाई आणि प्राणी पकडणारा एक विदूषकी इसम, आणि त्यांची फजिती करणे सोपे असते. उत्तरार्धातला धुडगूसही मला जरा लांबलेला वाटला. (मक्याच्या नुकसानीची खबर वनखात्याला दिलीत की नाही? वन्यप्राण्यांनी केलेल्या पिकाच्या हानीबद्दल आपल्याकडे शासनाकडून भरपाई मिळते. पंचनामा होईपर्यंत मोडलेले पीक तसेच ठेवावे.)

हा फरक मुलांना समजावून सांगण्याची गरज नाही. नातीला एकदा आजोबांबरोबर बांधावर जाऊ द्यावे, बाकीचे ती स्वतःच विचारील.

प्रश्न : चित्रपटातील ओपॉसम नावाचा प्राणी संकट आले की मेल्याचे सोंग घेतो. हे खरे असते का? आणि आपल्या सातपुड्यातली अस्वलेही हिवाळ्यात झोपतात का? (एक पालक, चोपडा)

उत्तर : ओपॉसम खरोखरच तसे पडतो, मात्र त्याला सोंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. भीतीने त्याचे शरीर आपोआप निपचित होते, जीभ बाहेर येते, दुर्गंधी सुटते आणि शुद्धीवर यायला कधी काही मिनिटे, तर कधी काही तास लागतात. चित्रपटातला ओपॉसम बाप हे सारे नाटकातल्या मरणासारखे रंगवून करतो आणि मुलीला त्याची लाज वाटते, हा मात्र लेखकांचा खेळ आहे. चित्रपटातले ओपॉसम, रॅकून आणि दुर्गंधी फवारणारा स्कंक हे तिघेही अमेरिका खंडातले आहेत. स्कंकच्या दुर्गंधीची थोडीशी कल्पना आपल्याकडे घरात शिरलेल्या चिचुंद्रीवरून येईल. रॅकूनचे पुढचे पंजे मात्र चित्रपटात दाखवले आहेत तसेच चलाख असतात. कॅनडातल्या टोरांटो शहराने 2016 मध्ये त्यांच्यापासून बचाव म्हणून नव्या कड्यांचे कचऱ्याचे डबे वाटले होते.

आपले अस्वल हिवाळी झोप घेत नाही. 1969 मध्ये जाहीर झालेल्या, सुमारे 177 चौरस किलोमीटरच्या, सातपुड्यातल्याच यावल अभयारण्यात थंडीतही त्याला वाळवीची वारुळे मिळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुले पडतात, मग त्याने झोपायचे कशासाठी? झोपतो तो आपला बेडूक, तोही उन्हाळ्यात, चिखलाखाली, आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की वर येऊन ओरडू लागतो. आपली पाठीवर पट्टे असलेली खारही झोपत नाही. ती वर्षभर गाद्यांतला कापूस ओढून घरटी बांधत असते, हे खानदेशात कोणाला सांगायला नको.

प्रश्न : साळींदर काटे फेकून मारते असे आमच्याकडे म्हणतात. चित्रपटात तर साळींदरांचे अख्खे कुटुंबच आहे. नेमके काय खरे? (शिक्षक, नंदुरबार)

उत्तर : फेकून मारत नाही. आपले साळींदर चिडले की काटे फुलवते, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवते आणि तरीही समोरचा हटला नाही, तर पाठमोरे होऊन त्याच्यावर चाल करून जाते. सैल बसलेले काटे त्या धडकेत शत्रूच्या अंगात रुततात, किंवा धावताना वाटेवर गळून पडतात आणि सकाळी मुलांना सापडतात. चित्रपटातले साळींदर अमेरिकेतल्या जातीचे, झाडावर चढणारे आहे. आपले बिळात राहते आणि रात्री शेतात कंदमुळे उकरते. वर्गात एखादा गळलेला काटा नेलात, तर त्याचे काळे-पांढरे पट्टे आणि हलकेपणा मुलांना हातात घेऊन पाहता येईल. फक्त टोक बुचात खोचून न्यावे.