रबर काढलं तर दहा हरवतील का?

"मॅडम, या वयात आता डोक्यात शिरत नाही हो."

जुलैपासून दिवाळीपर्यंत हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत फार वेळा ऐकू येतं. म्हणणाऱ्या बहुतेक चाळिशी-पंचेचाळिशीच्या शिक्षिका असतात. एम.ए. शिक्षणशास्त्राला नाहीतर एम.एड.ला प्रवेश घेतलेला असतो, फी भरलेली असते आणि पहिलं पुस्तक विसाव्या पानाशी अडकलेलं असतं. त्यांतल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. तिला इथे 'बाई' म्हणते, कारण तिची शाळा, गल्ली आणि आता सासरची माणसंही तिला तेच म्हणतात.

बाईंचं वय सेहेचाळीस. एकोणीस वर्षं तिसरीच्या वर्गावर. नोकरी सांभाळून दूरशिक्षणानं एम.ए. करायचं ठरवलं. पहिल्या स्वाध्यायाची सुरुवात सात वेळा लिहून सातही वेळा फाडली होती. विषय होता रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीचं 'समीपस्थ विकास क्षेत्र'.

"चार-चारदा वाचते. पान उलटलं की पाटी कोरी. मेंदूच गंजलाय."

"वर्गात कुणाला विचारलंत?"

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "रविवारच्या तासाला शेजारी जी मुलगी बसते ना, ती माझ्याच हाताखाली तिसरीत होती. मला बघून म्हणाली, बाई, तुम्ही इथे? तिला काय विचारू?"

पाठांतराची तक्रार मी त्याच क्षणी बाजूला ठेवली. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली समुपदेशक आहे. या पद्धतीचा जनक अल्बर्ट एलिस, त्याच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट ही, की माणूस काय म्हणतो त्यापेक्षा त्यात 'च' कुठे लावतो ते ऐकावं. बाईंचे 'च' पुढच्या दोन भेटींत बाहेर आले. 'मला पहिल्या वाचनात कळलंच पाहिजे.' 'माझ्या विद्यार्थिनीपेक्षा मला जास्त यायलाच हवं.' हे त्यांना पटत होतं, वहीत लिहूनही आणत होत्या. पण पटलेलं पोटात उतरत नव्हतं.

चौथ्या भेटीत मी पुस्तक मिटायला सांगितलं. "तिसरीत सगळ्यात अवघड काय जातं मुलांना?"

"हातच्याची वजाबाकी." बाई ताठ बसल्या. आवाजच बदलला. "त्रेचाळीसमधून सतरा. आइस्क्रीमच्या काड्या देते मी. दहा-दहाचे चार गठ्ठे, रबर लावलेले, आणि तीन सुट्या. तीनातून सात जात नाहीत, मग एक गठ्ठा सोडायचा. एक मुलगा होता, तो गठ्ठा सोडेचना. हातात घट्ट धरून बसला. म्हणाला, बाई, रबर काढलं तर दहा हरवतील."

"मग?"

"मी गठ्ठ्याला हात लावला नाही. फक्त त्याच्या हाताखाली माझा तळवा धरला आणि म्हटलं, काढ आणि मोज. त्यानं मोजल्या. दहाच होत्या. पुढच्या गणिताला तळवा धरला, पण जरा लांब. तिसऱ्याला नुसती शेजारी उभी राहिले."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही आत्ता व्हिगॉट्स्की सांगितलात."

एकट्याला जमत नाही पण जाणत्याच्या मदतीनं जमतं, तो मधला पट्टा म्हणजे ते क्षेत्र. ती मदत जमेल तशी काढून घ्यायची, इमारत उभी राहिली की परांची उतरवतात तशी. एकोणीस वर्षं बाई हे करत होत्या. पुस्तकातली भाषा परकी होती, मजकूर त्यांच्याच वर्गातला होता.

त्या हसल्या. आणि मग मला जे दिसलं होतं ते मी विचारलं, "तुम्ही कुठला गठ्ठा धरून बसलायत?"

बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा होता. बाईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. डोळे भरले होते. "मी बाई आहे ना. तिथे बाकावर बसून मला येत नाही म्हटलं, तर बाई उरत नाही."

इतक्या वर्षांच्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. मोठ्या वयात शिकायला बसणाऱ्याला शिकण्याची भीती क्वचितच असते. न येणारा म्हणून दिसण्याची असते. ती भीती 'वय' हे नाव घेऊन येते.

वयाचंही खरं ते सांगते. वॉर्नर शाय या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सिॲटलमध्ये १९५६ साली मोठ्या माणसांच्या बुद्धीचा अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी पुन्हा चाचण्या घेतल्या. वेग तरुणपणापासूनच कमी होत जातो, हे त्यात दिसलं. पण शब्दसंपत्ती आणि तर्कशक्ती मध्यमवयातही भक्कम असतात. म्हणून वेगाची स्पर्धा मुळात लावूच नका. वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून, भाकऱ्या थापतानाही चालेल, मोठ्यानं स्वतःला सांगा. अडेल तेवढंच उघडून बघा. प्रत्येक संकल्पनेसमोर आपल्या वर्गातलं एक मूल उभं करा.

आणि हाताची सवय! कित्येक वर्षं आपण फळ्यावर आणि प्रगतिपुस्तकात दोन-दोन ओळी लिहिलेल्या असतात. तीन तासांच्या पेपरला बोटं दुखून येतात. रोज अर्धा तास घड्याळ लावून हातानं लिहा. हे पहिल्या महिन्यापासून, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाही. एम.एड. की एम.ए. हा घोळ असेल तर लक्षात घ्या, २०१५ साली एम.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्याला हजेरी लागते. नोकरी सोडता येत नसेल तर दूरशिक्षणाचं एम.ए. बरं. घरी 'जमलं तर अभ्यास करीन' म्हणू नका. अमुक ते अमुक वेळ माझी, असं सांगा. बाईंच्या यजमानांनी रात्रीची भांडी घेतली, तीही बाईंनी तोंड उघडून मागितल्यावरच.

दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. "विसातले तेरा. समासात लिहिलंय, वजाबाकीचं उदाहरण उत्तम, संदर्भ नीट लिहिलेले नाहीत."

"मग?"

"शेजारच्या मुलीला विचारलं. तिनं वहीत एक संदर्भ लिहून दाखवला, दुसरा माझ्याकडून लिहून घेतला. तिसऱ्याला गप्प बसली. आणि शेवटी विचारते कशी, कळलं का बाई?"