दोन महिने सराव करूनही पहिल्याच सामन्यात ०-६? हे होतं कसं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या फुटबॉल संघाने दोन महिने घाम गाळला, पोरांचा दम चांगला होता, तरी लीगचा पहिलाच सामना ०-६ ने गेला. मग संघ मुळातच कच्चा आहे का? मी कोल्हापूरचा. पेठेतल्या एका संघातून अकरा वर्षं बॅकला, म्हणजे बचावात, खेळलो, आता तिथल्याच पोरांचा सराव घेतो. असा मार स्वतः खाल्लाय, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

सहा गोल बसले म्हणजे समोरचा संघ सहापट भारी होता, असं समजू नका. पहिले एक-दोन गोल आपल्या कमजोरीमुळे बसतात. पुढचे बहुतेक गोल बसतात ते आधीचे गोल फेडायच्या घाईत.

आमचं सांगतो. शाहू स्टेडियमवर हंगामाचा पहिला सामना, आम्ही ०-५. त्या वर्षी सरावाला मैदान मिळायचं ते अर्धंच, त्यामुळे सात-सात जण करून खेळायचो. छोट्या जागेत सगळं जमायचं, कारण चुकलेल्याला झाकायला शेजारचा चार पावलांवर असायचा. स्टेडियमच्या पूर्ण मैदानात तीच चार पावलं पंधरा झाली. मी ‘लाइन वर घ्या’, म्हणजे बचावाची रांग पुढे न्या, म्हणून ओरडत पुढे सरकायचो आणि माझ्या शेजारचा बॅक मागे जायचा, कारण पाठीमागच्या मोकळ्या जागेची त्याला धास्ती वाटत होती. त्याचंही चुकत नव्हतं, आमचं आपसात ठरलेलंच नव्हतं. दुसरा गोल मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. आमचे हाफ (मधल्या फळीतले) आणि बॅक यांच्यामध्ये त्यांच्या एकाने चेंडू घेतला, वळला, मान वर करून पाहिलं, तरी त्याच्या अंगावर कोणीच गेलेलं नव्हतं. हाफना वाटलं बॅक जाईल, बॅकना वाटलं हाफ येईल. त्यानंतर आम्ही सगळेच गोल फेडायला पुढे धावलो आणि मागे मैदान उघडं पडलं.

राउंड मारून दम वाढतो, पण दोन खेळाडूंमधलं अंतर सांभाळायची सवय अकरा विरुद्ध अकरा खेळल्याशिवाय लागत नाही. ती पहिल्या सामन्यात सगळ्यात कच्ची असते.

मोठ्या संघांचंही असंच होतं. ११ ऑगस्ट २०१९ ला लंडनचा संघ चेल्सी मँचेस्टर युनायटेडकडून त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ०-४ ने हरली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला त्या हंगामातला तो चेल्सीचा पहिला सामना आणि फ्रँक लॅम्पार्डचाही चेल्सीचा प्रशिक्षक म्हणून लीगमधला पहिलाच. उन्हाळ्यात त्यांचा हुकमी खेळाडू हॅझार्ड रिआल माद्रिदला गेला होता, फिफाच्या बंदीमुळे नवी खरेदी करता येत नव्हती, बचावातला रुडिगर जखमी होता, आणि बचावातलाच डेव्हिड लुईझ सामन्याच्या तीनच दिवस आधी आर्सेनलला निघून गेला. म्हणजे बचावाची मधली जोडी जवळजवळ नव्यानेच बसवलेली. मधल्या फळीतला कांटे पूर्ण तंदुरुस्त नसल्याने बाकावर.

तरीही तो सामना पुन्हा पाहिलात तर पहिल्या तासाभरात चेल्सी अजिबात दुबळी वाटत नाही. अब्राहमचा फटका खांबाला लागला, एमर्सनचा बारला. १८व्या मिनिटाला चेल्सीच्या झुमाने युनायटेडच्या रॅशफर्डला पाडलं आणि पेनल्टीवर गोल बसला, तेवढाच काय तो फरक. मग बरोबरीसाठी चेल्सीने जास्त माणसं पुढे टाकली आणि ६५व्या मिनिटाला काउंटरवर, म्हणजे चेंडू हिसकावून केलेल्या झटपट प्रतिहल्ल्यात, युनायटेडच्या मार्सियालचा गोल आला. दोनच मिनिटांत पोग्बाच्या एका लांब पासवर रॅशफर्डचा दुसरा. ८१व्या मिनिटाला पुन्हा काउंटर, पुन्हा पोग्बाच, आणि डॅनियल जेम्सने पदार्पणातच गोल केला. सोळा मिनिटांत तीन गोल, तिन्ही उघड्या पडलेल्या मैदानात.

तीनच दिवसांनी इस्तंबूलमध्ये सुपर कपला (युरोपातल्या दोन मोठ्या क्लब स्पर्धांच्या विजेत्यांमधला सामना) हीच चेल्सी, यावेळी कांटे सुरुवातीपासून मैदानात, लिव्हरपूलसमोर १२० मिनिटं २-२ अशी टिकली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हरली. लिव्हरपूल तेव्हा युरोपचा विजेता होता. आणि चार गोल मारणाऱ्या युनायटेडने पुढच्या सामन्यात वुल्व्ह्जशी १-१ बरोबरी केली, त्याच्या पुढच्यात घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसकडून १-२ असा पराभव घेतला. हंगाम संपला तेव्हा दोघांचेही गुण ६६, गोलफरकावर युनायटेड तिसरी आणि चेल्सी चौथी.

अर्थात तो पराभव योगायोग होता असंही मी म्हणणार नाही. चेल्सीने त्या हंगामात लीगमध्ये ५४ गोल खाल्ले, चौथ्या क्रमांकाच्या संघासाठी हे फार झाले. पहिल्या सामन्यात दिसलेली बचावाची दुखणी वर्षभर राहिली, फक्त बहुतेक दिवशी ती चार गोलांना पडली नाहीत.

आपल्याकडचंही आठवा. २०१४ साली आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, पहिल्यावहिल्या सामन्यात मुंबई सिटी कोलकात्यात ०-३ ने हरली. सहाच दिवसांनी नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर त्यांनी पुणे सिटीला ५-० ने झोडपलं, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक.

पण उलटंही घडतं, तेही सांगायला हवं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये प्रीमियर लीगच्या पहिल्याच सामन्यात क्वीन्स पार्क रेंजर्स घरच्या मैदानावर स्वान्सीकडून ०-५ ने हरली. पार्क जी-सुंगसारखी मोठी नावं त्यांनी त्याच उन्हाळ्यात आणली होती, पराभवानंतर आणखी आणली. संघ बसायच्या आत पुन्हा नवे चेहरे. पहिला विजय मिळायला सतरावा सामना उजाडला, आणि हंगामाअखेर ते तळाला जाऊन लीगमधून बाहेर पडले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, या रविवारी अर्धा संघ बदलू नका. गोलकीपरच्या माथी तर अजिबात मारू नका. तो आधीच रात्रभर जागा असेल. कोणाच्या मोबाईलमध्ये सामन्याचं चित्रण असेल तर सगळ्यांनी एकत्र बसून पाहा. गोल कसा मारला ते सोडा, त्याआधी चेंडू आपण कुठे गमावला आणि त्या क्षणी आपल्या हाफ आणि बॅकमध्ये किती अंतर होतं, ते प्रत्येक गोलासाठी वहीत लिहा. पुढचा सामना होईपर्यंत राउंड कमी करा आणि पूर्ण मैदानावर अकरा-अकराचे निदान दोन सराव सामने खेळा. माणसं कमी पडली तर जुन्या पोरांना बोलवा, येतात. ०-२ झाल्यावर काय करायचं, हेही आधीच ठरवा: कोण पुढे जाणार, कोण काहीही झालं तरी मागेच थांबणार. आमच्याकडे आता दोन बॅक आणि एक हाफ जागा सोडत नाहीत, मग बाहेरून लोक कितीही ओरडोत.

तुमचे सहा गोल कितव्या कितव्या मिनिटाला बसले ते कळवाल का? शेवटचे तीन-चार लागोपाठ असतील, तर काय झालं असेल याचा मला बराच अंदाज आहे. पहिल्या वीस मिनिटांतच तीन बसले असतील तर गोष्ट वेगळी आहे, मग सरावापासूनच बोलावं लागेल.